जुनी डिझेल फोर बाय फोर जीप स्वस्तात मिळतेय, इंजिन जाम आहे. दुसरं इंजिन टाकून वापरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यात 1990 च्या दशकातली महिंद्रा एमएम 540 फोर बाय फोर 90 हजारांत मिळतेय, इंजिन जाम आहे. दुसरं डिझेल इंजिन बसवून शेतासाठी आणि अधूनमधून संभाजीनगरला जायला ती वापरता येईल का, आणि एकूण खर्च किती?

वापरता येईल, आणि चांगली वापरता येईल. पण या सौद्यात जाम इंजिन हीच सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. इंजिन दुसरं आणता येतं. चेसीस आणि कागद दुसरे आणता येत नाहीत. मी अंबाजोगाईकडचा. अशीच एक जीप इंजिन बदलून शेतावर वापरतो आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या गाड्या उभ्या होताना सोबत राहिलोय. त्यावरून सांगतो.

गाडी बघायला जाताना हातोडी, मोठा स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च न्या. या जीपच्या चेसीसच्या पन्हळीत आपली काळी माती जाऊन बसते. ती वाळली तरी आतून ओल सोडत नाही आणि पत्रा तिथेच कुजतो. वरून रंग छान दिसतो. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी, शॅकलपाशी आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे आवळलेला असतो तिथे हातोडी मारून बघा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे स्क्रूड्रायव्हरने माती खरवडा आणि आतून टॉर्च लावून बघा. हँगरपाशी एखादी पट्टी वेल्डिंग केलेली असेल तर चालेल, आमच्या भागात पट्टी नसलेली जुनी जीप सापडणं अवघड. स्टिअरिंग बॉक्सपाशी तडा असेल किंवा चेसीस नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील, तर मात्र फुकट मिळाली तरी सोडून द्या.

कागदांचं नीट ऐकून घ्या, कारण इथे लोक फार अडकतात. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर वेळी 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. दिल्लीकडचा दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा नियम आपल्याकडे लागू नाही, त्याची भीती बाळगू नका. ही जीप आधी कोणाच्या नावावर होती ते मात्र बघा. जिल्हा परिषद, पाटबंधारे अशा खात्यांच्या जीप आपल्याकडे खूप फिरल्या. सरकारी नावावरच्या 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे वाढत नाही, ती भंगारातच जाते. त्याआधीच लिलाव होऊन रीतसर खाजगी नावावर चढलेली असेल तर ठीक. नुसती लिलावाची पावती दाखवून कोणी विकत असेल तर ती गाडी रस्त्यावर येणार नाही.

इंजिन बदलण्याबद्दल मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, असा त्याचा रोख. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. म्हणून इंजिन त्याच मेकचं, म्हणजे महिंद्राचंच, आणि त्याच इंधनावरचं निवडा, आरटीओची मंजुरी आधी घ्या, आणि इंजिन बसल्यावर 14 दिवसांच्या आत कळवून नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. एमएच 24 (लातूर) असो की एमएच 44 (अंबाजोगाई), कार्यालयात आधी जाऊन तिथल्या निरीक्षकांना भेटा, कोणते कागद लागतील ते विचारून घ्या. नंबर न चढवता फिरलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला एवढं कारण पुरतं.

आता इंजिन. दुसरं शोधायच्या आधी आहे तेच उघडून बघा, असा माझा आग्रह आहे. एमएम 540 मध्ये सहसा प्यूजोचं एक्सडीपी 4.90 असतं, 2112 सीसी. बरीच वर्षं उभ्या गाडीत एखाद्या सिलिंडरमध्ये रिंगा गंजून चिकटतात आणि लोक म्हणतात ‘इंजिन गेलं’. नोझल आणि हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) निम्मं-निम्मं ओता, काही दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करा. सेल्फ मारू नका, ट्रॅक्टरने ओढू तर अजिबात नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. फिरलं तर हेड उतरवून बोअर बघा. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असेल तर बोअरिंग, पिस्टन, रिंगा आणि नोझल-पंपाचं काम करून तेच इंजिन पुन्हा उभं राहतं. आरसीला हात लावायची गरज पडत नाही, ही त्यातली मोठी सोय. सुटे भाग शोधावे लागतात, पण मिळतात.

ब्लॉकलाच तडा असेल तर माझं मत महिंद्राच्याच डीआय इंजिनाला, जे जुन्या बोलेरोत आणि पिकअपमध्ये येतं. बोअर 88.9 मिमी, स्ट्रोक 101.6 मिमी, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच, 2523 सीसी. हे माप ट्रॅक्टरच्या घराण्यातलं आहे. लांब स्ट्रोकमुळे ते कमी फेऱ्यांतच ओढतं, नांगरटीतून गाडी काढताना ॲक्सिलरेटर दाबून ठेवावा लागत नाही. पंप मेकॅनिकल, त्यामुळे अहमदपूर, केज, गंगाखेड, कुठेही बंद पडली तरी हात लावणारा मिस्त्री भेटतो. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या डिझेल इंजिनाचा मोह तुम्हाला नक्की होईल, ताकद जवळजवळ दीडपट दिसते. पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि सगळं वायरिंग मूळ गाडीचंच लागतं, आणि हजार बारच्या वर दाबाने चालणाऱ्या त्या इंजेक्टरना कॅनमधलं डिझेल सोसत नाही. शेतावर डिझेल कॅनमधूनच येतं हे आपल्याला माहीत आहे.

इंजिन घेताना नुसतं इंजिन घेऊ नका. त्याच गाडीचं बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचवरचं घर), फ्लायव्हील, क्लचचा पूर्ण सेट, सेल्फ, अल्टरनेटर आणि माउंटिंग एकत्र उचला. जुनी इंजिनं घ्यायला कुर्ल्याला जा की हैदराबादला, सुरू करून दाखवणाऱ्याकडूनच घ्या, तेही थंड असताना. आधी हात लावून बघा, गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. वाफेसारखा धूर जोरात ढकलून बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहाचा रंग म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलंय. पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिचा नोंदणी रद्द झाल्याचा कागद, यातलं एक जरी नसेल तर पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या आरसीवर चढवायला गेलात तर प्रकरण पोलिसांत जाईल.

बेल हाऊसिंग गिअरबॉक्सला जुळलं नाही तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते. इथे कंजुषी करू नका. गॅसने कापलेली, ड्रिलने भोकं पाडलेली प्लेट गावात कोणीही करून देतो आणि गाडी चालतेही. मग थोड्याच दिवसांत गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज सुरू होतो, क्लच प्लेटची स्प्लाइन झिजते. कारण क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत नसतात. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा एमआयडीसीत कारखान्यांची अचूक कामं करणारे मशीन शॉप आहेत, प्लेट तिथे करून घ्या, डॉवेल पिनांसकट (प्लेट नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या). बसवताना डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं माप) फ्लायव्हीलला चिकटवायचा, त्याची सुई बेल हाऊसिंगच्या आतल्या गोल कडेवर टेकवायची आणि इंजिन हाताने हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवायचं. सुई कमीत कमी आणि जास्तीत जास्त कुठे गेली ते लिहून ठेवा. दोन्हींतला फरक पाव मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे मध्य त्याच्या निम्म्याने, साधारण सव्वाशे मायक्रॉननेच सरकलेला असतो. जास्त भरलं तर डॉवेल पुन्हा बसवायला लावा. मिस्त्री म्हणेल ‘एवढं कोण बघतं’. तुम्ही बघा, गिअरबॉक्स त्यावरच टिकतो.

संभाजीनगरपर्यंत जायचं म्हणताय, म्हणून डिफरन्शियलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो ते, मोजून घ्या. एक मागचं चाक जॅकवर उचला, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर किती वेळा फिरला ते मोजा. जवळजवळ पाच भरले तर 4.88, पाचाच्या वर आणखी तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त फिरला तर 5.38. सहाशे-सोळाच्या (6.00-16) मूळ टायरवर, टॉप गिअरमध्ये 80 च्या वेगाला पहिल्यात इंजिन सुमारे 2,850 फेऱ्या घेतं, दुसऱ्यात 3,150 च्या आसपास. डीआय इंजिनाला तासन् तास तीन हजारांवर धावायला आवडत नाही. तुमचं डिफ 5.38 निघालं तर 65-70 नेच जायचं ठरवा, किंवा पुढचं-मागचं दोन्ही डिफ बदला. एकच बदललं तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस फुटेल.

मे महिन्यात परभणी-लातूरकडे पारा 42-43 वर जातो आणि त्याच काळात शेतातून लो गिअरमध्ये जड काम पडतं. रेडिएटर नव्या इंजिनाच्या मापाचा घ्या, फॅनभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं आवरण) असलाच पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की काही महिन्यांत नळ्यांच्या आत पांढरा थर धरतो, आणि मग लोक हेड गास्केट बदलत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, बस. गाडीत पाच लिटरचा कॅन त्याचाच ठेवा.

डीआय इंजिन अंगाने जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवा आणि पाटे पूर्ण दबल्यावर ऑइल सम्प ॲक्सलला टेकत नाही ना ते बघा. या जीपना चारही चाकांना ड्रम ब्रेक, अनेकींना बूस्टरही (ब्रेक हलका करणारा) नसतो. व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर मिळाला तर बूस्टर बसवून घ्या. इंजिन सुरू व्हायच्या आधी ब्रेकचं काम पूर्ण झालेलं असू द्या, कारण ते सुरू झालं की फेरी मारायचा मोह कोणालाच आवरत नाही.

टायरबद्दल एवढंच, की रुंद टायर दिसायला भारी, पण काळ्या चिखलात ते भरून गुळगुळीत होतात. अरुंद सहाशे-सोळा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो.

खर्चाचं मी असं धरतो: जेवढ्याला गाडी, जवळपास तेवढेच इंजिन आणि जोडणीला, आणि पुन्हा तेवढेच ब्रेक, टायर, वायरिंग, स्टिअरिंग आणि कागदांना. म्हणजे तुमचं काम पावणेतीन ते तीन लाखांत बसेल, बॉडीचा पत्रा फार गेला नसेल तर. मिस्त्रीला एकदम ठरवून रक्कम देऊ नका, काम टप्प्याटप्प्याने करून घ्या आणि प्रत्येक टप्प्याला स्वतः हजर राहा.

मालकाला बयाणा देताना फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या घ्या, गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर एनओसीही. इंजिन बसल्यावर पहिले हजार किलोमीटर ट्रॉली लावू नका आणि 50 च्या वर पळवू नका. त्यानंतर ऑइल-फिल्टर बदला, हेडचे बोल्ट इंजिनाच्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचने पुन्हा बघून घ्या, आणि माउंटिंगचे, बेल हाऊसिंगचे, दोन्ही प्रोपेलरचे बोल्ट परत आवळा. चेसीस बघून आलात की तिथल्या खुणा कमेंटमध्ये लिहा, मी बघून सांगतो.