पारायण मोडलं म्हणून देव कोपतो का?

पत्र: कोथरूडला राहते. यजमानांची नोकरी गेली. ज्ञानेश्वरीचा सप्ताह धरला होता, पण चौथ्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात हलवावं लागलं आणि वाचन राहिलं. जाऊबाई म्हणतात, दोष लागणार. आता पोथी उघडायलाच भीती वाटते. देवाचं आमच्याकडे लक्ष आहे ना?

ताई, आधी दोषाचं बघू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 40वा श्लोक काढा. निष्काम कर्माबद्दल भगवंत तिथे स्पष्ट सांगतात: आरंभलेलं वाया जात नाही, उलटा दोषही लागत नाही, थोडंसं आचरणही मोठ्या भयातून सोडवतं. जाऊबाईंनाही दाखवा.

नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज जवळजवळ तेराशे. दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये ते झेपणारं नव्हतंच. सध्या सार्थ प्रत घ्या आणि नवव्या अध्यायातल्या 22व्या श्लोकावरच्या ओव्यांवर थांबा. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ तो हाच. नाही ते मिळवून देणं आणि आहे ते राखणं, दोन्हींचा भार तिथे देव स्वतःकडे घेतो. पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणारी पक्षीण आणि स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचं बघणारी आई माउलींनी इथेच आणली आहे. रोज पाचच ओव्या घ्या. आधी मोठ्याने म्हणा, मग अर्थ वाचा, मग पुन्हा ओवी. नुसता अर्थ वाचून माणूस पुढे पळतो आणि मनात काही उरत नाही. रात्री दमल्यावर नको, सकाळच्या चहाआधी बसा.

एक मात्र जपा. या श्लोकाला नोकरीची तारीख लावू नका. तारीख टळली की राग श्लोकावर निघतो. देहूच्या तुकोबांनी स्वतःच सांगितलंय, दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको ‘अन्न अन्न’ करत गेली. आणि ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती’ हेही त्यांचंच. सोबतीची खात्री त्यांनी संकट टळण्यावर टांगली नव्हती. दवाखान्यात बाकावर बसाल तेव्हा हा अभंग म्हणा, त्याला पोथी लागत नाही.

झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. त्याने श्रद्धा उणी होत नाही.

सासूबाई घरी आल्या की खुणेपासून पुढे वाचायला लागा. रोज पन्नास ओव्या धरल्यात तरी उरलेली पोथी साडेतीन महिन्यांत पुरी होईल.