हाऊस म्हणजे वखार

निपाणीच्या एका वाचकाने विचारले आहे: मिरवणुकीतल्या गाण्यांच्या नावापुढे हल्ली ‘हाऊस मिक्स’ असे लिहिलेले असते. या ‘हाऊस’ला मराठीत ‘घरगुती संगीत’ म्हणावे का? आणि आपल्या भागात ‘डॉल्बी लावला’ बरोबर की ‘डॉल्बी लावली’?

‘घरगुती’ मुळीच म्हणू नका, ‘गृहसंगीत’ही नको. हाऊस हा नाचाच्या संगीताचा एक प्रकार, त्याचा राहत्या घराशी काही संबंध नाही. तरी प्रत्येक गणपतीत कोणीतरी हाच अर्थ नव्याने सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात.

सुरुवात ‘डिस्को’पासून करावी लागते. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. गंमत आहे ती त्याच्या कापलेल्या शेपटीत. मूळ फ्रेंच शब्द डिस्कोथेक. डिस्क म्हणजे तबकडी, आणि ‘थेक’ आले ग्रीक ‘थेके’वरून. थेके म्हणजे वस्तू ठेवायची पेटी, कोठी. त्यातला ‘ठेवणे’ या अर्थाचा धातू हा संस्कृत ‘धा’चा सख्खा भाऊ. निधी, निधान, राजधानीतली धानी, सगळीकडे तोच ‘धा’ आहे. फारसीच्या वाटेने आलेल्या अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी यांतली ‘दाणी’ही याच कुळातली. म्हणजे डिस्कोथेक ही शब्दशः तबकड्यांची दाणी! लग्नात आपण गुलाबपाणी शिंपडतो ते ज्या शब्दातून, त्याचाच चुलतभाऊ पॅरिसच्या नाचघराच्या दारावर बसलेला आहे.

बोलणाऱ्यांनी दाणी टाकली, तबकडी ठेवली आणि ‘डिस्को’ झाला. पुढे शिकागोत नेमके उलटे घडले. ‘वेअरहाऊस’मधले वेअर म्हणजे माल आणि हाऊस म्हणजे तो साठवायची वास्तू. तिथे माल टाकला, वास्तू ठेवली आणि ‘हाऊस’ झाला. निपाणीकरांना वखार म्हणजे काय ते समजावून सांगायला नको, तंबाखूने ती सोय करून ठेवली आहे. डिस्कोनंतर नाचाच्या संगीताचे काय झाले, ते माझ्या मते या दोन कापांत सगळे आले. आधी नाव मालावरून पडत होते, मग ते जागेवरून पडू लागले.

असे का झाले, त्याचे कारण बाजारात आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. त्यानंतर कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतले. मालच आटला. पण त्याच शहरात, साउथ जेफरसन रस्त्यावर, १९७७पासून ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब चालू होता. मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुणांचा. तिथे वाजवणारा फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कहून आलेला. नव्या तबकड्या कमी पडू लागल्यावर त्याने जुन्याच तबकड्या फितीवर घेतल्या, फीत कापून-जोडून नाचाचा तुकडा लांबवला आणि वाजवला. लोक दुकानात जाऊन ‘वेअरहाऊसमध्ये वाजते ते द्या’ म्हणू लागले. इम्पोर्ट्स नावाच्या दुकानाने खोक्यावर तशी चिठ्ठी लावली, आणि चिठ्ठीवरचे नाव आखडून ‘हाऊस’ झाले.

याला आव्हान देणारे तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो की तरुणांनी हे संगीत घरच्या घरी यंत्रांवर केले म्हणून हाऊस. लॅरी हर्डसारखा थोर कलावंतही या बाजूचा आहे, म्हणून हे मत टिकून राहिले. पण कालक्रम पाहा. शिकागोतल्या तरुणांनी स्वतः केलेल्या तबकड्यांपैकी पहिली म्हणून जी सहसा सांगतात, ती जेसी सॉन्डर्सची, १९८४ची. नकल्सने वेअरहाऊस सोडला १९८२ साली. नाव आधीचे, घरचा माल नंतरचा. बापाच्या बारशाला मुलगा हजर कसा असेल?

दुसरा पक्ष डेट्रॉइटच्या हुआन अॅटकिन्स या संगीतकाराचा. एकेका क्लबाच्या खास तबकड्या असत, त्या त्या ‘हाऊस’च्या. हे ऐकून आपल्याकडचे काही सदरलेखक हर्षाने ‘घराणे’ म्हणतात. धारवाड जवळ आहे, मोह होणारच. पण घराणे गळ्यातून गळ्यात, गुरूसमोर बसून जाते. इथे वारसा तबकड्यांच्या खोक्यातून गेला. घराणे हा शब्द इथे वापरणे म्हणजे किराणा घराण्यावरही अन्याय आणि शिकागोवरही.

तिसरा पक्ष ‘हौस’ म्हणणाऱ्यांचा. हौस अरबी ‘हवस’मधून आली. विषय संपला.

जागेवरून पडलेले नाव जागा सोडून कसे चालू लागते, हे बेळगाव जिल्ह्याला अगदी नीट कळायला हवे. अथणीत शिवलेली चप्पलही कोल्हापुरीच असते. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा आहेच. पेठेचे नाव घाटाचे नाव झाले. हाऊसचेही तसेच. १९८८ साली डेट्रॉइटच्या कलाकारांचा संग्रह ब्रिटनमध्ये निघाला, त्यालाही आधी ‘डेट्रॉइटचे हाऊस’ असेच नाव द्यायचे चालले होते. अॅटकिन्सच्या एका रचनेमुळे ऐनवेळी ‘टेक्नो’ हे नाव आले. न्यूयॉर्कच्या नाचसंगीताचे ‘गॅरेज’ हेही जागेचेच नाव: पॅरडाइज गॅरेज, किंग स्ट्रीटवरची गाड्या ठेवायची खरीखुरी इमारत, तिथे लॅरी लेव्हन वाजवत असे. वखार आणि गॅरेज, दोन्ही साठवणीच्या जागा. थेके परत आली म्हणा.

आता ‘हाऊस मिक्स’ या चिठ्ठीचा गैरवापर. चित्रपटगीताखाली धडाधड किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, टाकली की हाऊस होत नाही. हाऊसचा सांगाडा असा: चार मात्रांचे माप, चारही मात्रांवर किक, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, आणि प्रत्येक दोन किकच्या बरोबर मध्ये उघडा हाय-हॅट, म्हणजे झांजांच्या जोडीचा आवाज. वेग मिनिटाला साधारण ११८ ते १२८ ठोके. हा ठोका रोलँड कंपनीच्या ताल वाजवणाऱ्या यंत्रांतून आला: १९८०चे टीआर-८०८ आणि १९८३चे टीआर-९०९. डिस्कोच्या तबकड्यांवर ढोल माणूस वाजवायचा, त्याचा वेग गाण्यात थोडा मागेपुढे व्हायचा. एक तबकडी १२०वर आणि दुसरी १२१वर असली तर तीस सेकंदांत दोघींचे ठोके अर्ध्या मात्रेने फाकतात आणि किक दुहेरी ऐकू येते. म्हणून वाजवणाऱ्याचे बोट सतत वेगाच्या पट्टीवर. टेक्निक्स एसएल-१२०० या तबकडी वाजवायच्या यंत्राच्या १९७९च्या आवृत्तीवर ही पट्टी आठ टक्के वरखाली जाते, म्हणजे १२०ची तबकडी जेमतेम १२९पर्यंत नेता येते. यंत्राचा ठोका हलत नाही, म्हणून नकल्सने पुढे पॉवर प्लांट क्लबात ९०९चा ठोका तबकड्यांखाली घातला. ते यंत्र त्याला डेट्रॉइटच्या डेरिक मेने विकले होते.

आपल्याकडे काय बिघडते? १०० वेगाचे गाणे १२५वर ओढले, तर सुराची पट्टी जवळजवळ चार अर्धस्वर चढते आणि गायिका चिवचिवते. सुराची पट्टी तीच ठेवून ओढले, तर शब्दांच्या कडा विरघळतात. आठ मात्रांच्या केरव्यातले गाणे या ठोक्यावर बसते. सहा मात्रांच्या दादऱ्यातल्या गाण्याला मात्रेमागे एक किक दिली, तर सम (तालाची पहिली मात्रा) आणि मापाची सुरुवात बारा मात्रांनी एकदाच भेटते, मधल्या वेळी पाय चुकतात. ‘हलगी मिक्स’ हे नाव मला याहून फार प्रामाणिक वाटते. आत हलगी आहे, वर हलगी लिहिले आहे.

आणि एक. चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ आणि खर्जाचे सूर काढणारे टीबी-३०३ ही यंत्रे वापरून रागांची तबकडी काढली. त्यामुळे ‘अॅसिड हाऊस (टीबी-३०३च्या आवाजावर उभी असलेली हाऊसची शाखा) मुंबईत जन्मले’ असे अभिमानाने फिरवले जाते. काम विलक्षण आहे, काळाच्या पुढचे आहे. पण तबकडीच्या नावातच ‘डिस्को’ आहे, आणि शिकागोतल्या कोणी ती ऐकून पुढे काही केल्याचा दाखला नाही. त्यांचे मोठेपण त्यांच्या रागांत आहे, ते उसन्या जन्मदाखल्यावर उभे करू नये.

राहिली डॉल्बी. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती फितीवरची खरखर कमी करण्यासाठी. आपल्या सीमाभागात तो भिंतीएवढ्या स्पीकरांचा शब्द झाला. टॅक्सी, बॅटरी, ट्रॉलीप्रमाणे मी तिला स्त्रीलिंगी धरतो, ‘लावली’. ‘डीजे लावला’च्या ओढीने ‘लावला’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, त्यांना अडवायचे कारण नाही.