प्लगइन लिहिण्यात रात्री घालवणाऱ्या मुलाला थांबवावे का?

कोपरखैरण्याहून एका वडिलांचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे: “मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर २२ वर्षे हिशेबनीस आहे. मुलगा ऐरोलीच्या एका महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या सत्राची एक केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, अजून सुटलेली नाही. तरीही तो रात्र रात्र जागून चौकोन आणि बाणांनी कामाचे नकाशे काढणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसाठी प्लगइन, म्हणजे त्याला बाहेरून जोडायचा छोटा कोड, लिहीत बसतो. कामुंडा मॉडेलरमध्ये काढलेली आकृती फ्लोएबल नावाच्या इंजिनवर चालली पाहिजे, असे तो म्हणतो. याचे त्याला कोणी पैसे देत नाही. ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने ८५ हजार रुपयांत नोकरीच्या हमीसह कोर्स सांगितला आहे. परदेशी कंपन्यांचे काम फुकट करण्यापेक्षा त्याने तो कोर्स करावा, असे मला वाटते. त्याला थांबवू का?”

सप्रेम नमस्कार.

थांबवू नका, मात्र हाती घेतलेले काम पुरे करायला लावा आणि त्याआधी केटी सोडवायला लावा, असे माझे मत आहे. ते पटण्यासाठी मुलगा नेमके काय करतो हे तुम्हाला समजले पाहिजे. तुमचे सारे आयुष्य ज्या कामात गेले त्याच्याच आधाराने ते सांगता येईल.

गाडी बाजारात येते, आवक नोंदली जाते, माल गाळ्यावर उतरतो, तोल होतो, विक्री होते आणि हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी तुम्ही तयार करता. तोल आणि नोंद यांत फरक निघाला तर माल पुन्हा तोलला जातो, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत पट्टी थांबते. हा सगळा क्रम तुमच्या डोक्यात पक्का आहे, पण उद्या गाळ्यावर नवा माणूस आला तर त्याला तो आठ-पंधरा दिवस शेजारी बसवूनच शिकवावा लागेल. असा क्रम कागदावर एका ठरलेल्या चित्रलिपीत मांडण्याची जी पद्धत आहे, तिला बीपीएमएन म्हणतात. त्यात सुरुवातीला बारीक रेषेचे वर्तुळ असते, प्रत्येक कामाला गोलसर कोपऱ्यांचा चौकोन असतो, ‘तोल जुळला का’ अशा प्रश्नाला शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट असते आणि शेवटी जाड रेषेचे वर्तुळ येते. या लिपीची दुसरी आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. या आवृत्तीचे वैशिष्ट्य असे की चित्र एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवण्याची रीतही तिने ठरवून दिली, त्यामुळे आकृती केवळ भिंतीवर लावण्यापुरती न राहता इंजिन नावाचे सॉफ्टवेअर ती वाचून प्रत्यक्ष काम पुढे सरकवू शकते.

आता अडचण कुठे येते ते पाहा, कारण तुमच्या मुलाच्या रात्री तिथेच जात आहेत. कोणता चौकोन कशानंतर येतो हे मानकाने ठरवले, पण एखादे काम नेमक्या कोणत्या माणसाकडे जावे यासारखे अनेक तपशील प्रत्येक इंजिन स्वतःच्या सोयीच्या शब्दांत लिहिते. मानकानेच त्यासाठी फाइलमध्ये जागा मोकळी सोडली आहे. ॲक्टिव्हिटी हा अशाच एका इंजिनचा ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेला, प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला, त्यातून २०१३ मध्ये कामुंडा वेगळा झाला आणि २०१६ मध्ये फ्लोएबल वेगळा झाला. म्हणजे हे एकाच घरातले वेगळे राहायला गेलेले भाऊ आहेत, पण वेगळे होताना प्रत्येकाने शब्दांवर आपला शिक्का मारला. कामुंडासाठी काढलेल्या आकृतीत ‘हे काम अमुक माणसाकडे’ ही नोंद कामुंडाच्या उपसर्गाने, म्हणजे शब्दाआधी ‘कामुंडा’ जोडून, असते. फ्लोएबलला तो उपसर्ग ओळखीचा नसल्याने ते ती नोंद सोडून देते आणि कोणतीही चूक न दाखवता पुढे जाते. परिणामी पट्टी तपासण्याचे काम तयार तर होते, पण कोणाच्याच नावावर पडत नाही. चूक दिसली असती तर कोणीतरी ती दुरुस्त केली असती. न दिसणारी चूक मात्र महिनाभर तशीच राहू शकते.

तुमचा मुलगा हा सांधा प्लगइनने जोडू पाहतो आहे. कामुंडा मॉडेलरच्या ठरावीक फोल्डरमध्ये आपला छोटा कोड ठेवला की मॉडेलर सुरू होताना तो उचलतो. त्या कोडमधून मॉडेलरला फ्लोएबलचे शब्द शिकवता येतात, पडद्याच्या उजव्या बाजूला त्या शब्दांसाठी नवे रकाने दाखवता येतात आणि चूक असेल तर इशाराही देता येतो. हे सगळे मूळ सॉफ्टवेअरच्या एकाही ओळीला हात न लावता होते, आणि या मर्यादेचे भान हेच या कामातले खरे शिक्षण आहे असे मी मानतो. माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका विद्यार्थ्याने अशाच एका साधनाच्या गाभ्यातच बदल केले होते. काम सुंदर झाले होते, पण पुढची आवृत्ती आली तेव्हा त्याला सगळे पुन्हा करावे लागले, त्याच्या पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच झाले आणि अखेर त्याने ते सोडून दिले. विस्तारासाठी ठेवलेल्या दारातूनच आत जायचे ही शिस्त नवी नाही. एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या विख्यात साधनाने २००४ पासून आपली सारी रचनाच ओएसजीआय या, सुटे भाग जोडून सॉफ्टवेअर उभारण्याच्या, मानकावर उभी केली आणि तिथे जवळपास प्रत्येक सोय हा एक प्लगइनच असतो.

मुलाने अजून कदाचित ओलांडलेला नसलेला एक टप्पा इथे मुद्दाम सांगतो, कारण तो त्याला नोकरीच्या मुलाखतीतही विचारला जाऊ शकतो. उपसर्ग बदलला की माणसाचे नाव नीट पोहोचते. पण आकृतीतील एखादे काम जावा भाषेतील कोड चालवत असेल तर नुसते शब्द बदलून भागत नाही. कामुंडा ७ आणि फ्लोएबल या दोन्हींत त्या कोडने पाळायच्या कराराचे नाव सारखेच असले, तरी ते दोन वेगळ्या पॅकेजांतले, म्हणजे कोडच्या वेगळ्या गठ्ठ्यांतले, करार आहेत, त्यामुळे एका इंजिनसाठी लिहिलेला कोड दुसऱ्यात जसाच्या तसा चालत नाही. म्हणून त्याच्या प्लगइनने काय होते हे जितके ठळक सांगितले पाहिजे, तितकेच काय होत नाही हेही वापरणाऱ्याच्या पडद्यावर सांगितले पाहिजे. आकृती एका साधनात उघडून, काहीही न बदलता साठवून, दुसऱ्यात उघडली तर एकही नोंद हरवता कामा नये, ही कसोटी त्याने स्वतःच लावावी आणि तिच्या चाचण्या कोडसोबत ठेवाव्यात. साधनांमधील अशी देवाणघेवाण तपासण्यासाठी ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपचा स्वतंत्र कार्यगट आहे आणि त्याच्या नमुना आकृत्या सर्वांना खुल्या आहेत. त्या त्याने वापराव्यात.

या कामाला पुढे वाव आहे का, या तुमच्या काळजीबद्दल मी आकडे देणार नाही, पण एक घडलेली गोष्ट सांगतो. कामुंडा ७ च्या मोफत आवृत्तीचे शेवटचे प्रकाशन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. नव्या कामुंडा ८ चे इंजिन वेगळे आहे, त्याचे शब्द वेगळे आहेत आणि सूत्रे लिहिण्याची भाषाही वेगळी आहे. जुन्या आवृत्तीवर काम चालवणाऱ्या बँका, विमा कंपन्या आणि इतर संस्थांना आज ना उद्या आपल्या आकृत्या दुसरीकडे न्याव्या लागणार आहेत, आणि त्यासाठी हेच ज्ञान लागते जे तुमचा मुलगा विनामोबदला मिळवतो आहे. अशा संस्थांची कामे करणारी कार्यालये ऐरोली, महापे आणि वागळे इस्टेटमध्ये आहेत. याच घटनेची दुसरी बाजू अशी की एखादे साधन बंद पडू शकते किंवा त्याचा परवाना बदलू शकतो, म्हणून त्याने कोणत्याही एका साधनाचा जाणकार एवढीच आपली ओळख ठेवू नये. बीपीएमएनचे मानक, एक्सएमएल, जावा, जावास्क्रिप्ट आणि डेटाबेस या गोष्टी त्याला इतरत्रही उपयोगी पडतील.

‘परदेशी कंपन्यांचे फुकट काम’ हा तुमचा आक्षेप मी हलका मानत नाही. कामुंडा ही बर्लिनची कंपनी आहे, फ्लोएबलच्या मागे स्वित्झर्लंडमधील कंपनी आहे आणि त्यांचे अभियंते पगारावर काम करतात. तुमच्या मुलाने त्यांचा गाभा फुकट घडवायचा नाही. त्याने स्वतःच्या नावाचा प्लगइन गिटहब या कोड सर्वांसमोर ठेवण्याच्या संकेतस्थळावरील स्वतःच्या खात्यावर ठेवायचा आहे आणि मूळ प्रकल्पात एखादी छोटी दुरुस्ती स्वीकारली गेली तर ती जोडीला दाखवायची आहे. ती दुरुस्ती पाठवताना अनुभवी अभियंते त्याचा कोड ओळीओळीने तपासतात, प्रश्न विचारतात आणि परत पाठवतात. हे शिक्षण ८५ हजारांच्या वर्गात मिळेल असे मला वाटत नाही. परवाने मात्र त्याने नीट वाचावेत. फ्लोएबलचा अपाची २.० परवाना बराच मोकळा आहे, तर मॉडेलरच्या मुळाशी असलेल्या बीपीएमएन-जेएस या तयार कोडच्या संग्रहाची अट अशी आहे की आकृतीवरील त्यांचे चिन्ह झाकायचे नाही. मोबदल्यासह असेच काम करायचे असेल तर गूगल समर ऑफ कोड हा २००५ पासून चालणारा उपक्रम आहे. २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याचीही अट राहिलेली नाही, त्यामुळे पदवीनंतरही तो प्रयत्न करू शकतो.

क्लासबद्दल एवढेच सांगतो की ‘नोकरीची हमी’ लेखी मागा आणि नोकरी न मिळाल्यास शुल्क किती दिवसांत परत मिळेल हे त्याच कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसतील तर पैसे देऊ नका. लिहून दिले तरीही, जे तो स्वतः शिकतो आहे तेच पुन्हा शिकण्यासाठी एवढी रक्कम घालणे मला योग्य वाटत नाही.

केटीबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूचा आहे आणि हे वाक्य त्याला वाचून दाखवावे अशी विनंती आहे. सातव्या सत्रात कंपन्या महाविद्यालयात येतात तेव्हा अनेक ठिकाणी न सुटलेली केटी असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या चाळणीतच वगळले जाते आणि त्याचा प्लगइन पाहण्याची वेळच येत नाही. परीक्षा होईपर्यंत प्लगइनला शनिवार-रविवार द्यावा, बाकीचे दिवस त्या विषयाला. परीक्षा संपली की सहा आठवड्यांत पहिली वापरण्याजोगी आवृत्ती प्रसिद्ध करावी, तिच्यासोबत साध्या इंग्रजीत दोन पानांची माहिती लिहावी आणि पुढे मॉडेलरची नवी आवृत्ती येईल तेव्हा आपला प्लगइन तिच्यावर चालतो का हे तपासून त्याची नोंद ठेवावी. अर्धवट सोडलेल्या पाच प्रकल्पांपेक्षा दोन आवृत्त्यांतून टिकलेला एक प्रकल्प मुलाखत घेणाऱ्याला अधिक सांगतो.

एक काम तुम्हीही करा. त्याला सुट्टीच्या एखाद्या पहाटे गाळ्यावर घेऊन जा आणि गाडी येण्यापासून पट्टी होईपर्यंतचा क्रम तुमच्या शेजारी बसून आकृतीत काढायला सांगा. तोल जुळला नाही तर कोण ठरवते, तोपर्यंत पट्टी कोणाकडे पडून राहते आणि मोटारभाडे आधीच दिलेले असेल तर ते कुठे नोंदवायचे, हे त्याने तुम्हाला विचारले पाहिजे. त्याच्या प्लगइनला खऱ्या कामाची आकृती मिळेल, आणि त्याने विचारलेले प्रश्न ऐकून त्याला हे काम किती समजले आहे याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर येईल. त्यानंतरही शंका उरली तर ती आकृती सोबत जोडून पुन्हा लिहा.