२०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ १३-० (तेराही सामने जिंकलेला) असूनही प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, का नव्हता?

कारण क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पाय. तेव्हा प्लेऑफला चारच जागा होत्या आणि संघ गुणतक्त्यावरून नव्हे, निवड समितीच्या मतावरून ठरत. महत्त्वाचा खेळाडू नसल्याचा विचार करायची मुभा समितीच्या निकषांतच होती. १८ नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेलाही डोक्याला मार लागून बाहेर, म्हणून एसीसीच्या (फ्लोरिडा स्टेट ज्या गटात खेळते त्याच्या) अंतिम सामन्यात तिसऱ्या पसंतीचा नवखा ब्रॉक ग्लेन उतरला. लुईव्हिलला १६-६ हरवलं, पण ते बचावफळीच्या जिवावर. चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला गेली.

नंतर ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाकडून ३-६३ असा धुव्वा उडाला, तो मात्र समिती बरोबर होती याचा पुरावा म्हणून दाखवू नका; त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे बरेच मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते.