क्वेश्चन टॅगचे नियम पाठ आहेत, तरी लेक 'इझन्ट इट'च लिहून येते. काय करू?

(प्रश्न थोडक्यात: मुलगी ठाण्यात सेमी-इंग्रजीला, दहावीत आहे. क्लासच्या वहीत क्वेश्चन टॅगचे, म्हणजे वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या 'इझन्ट इट?', 'डझन्ट ही?' अशा छोट्या प्रश्नांचे, बावीस नियम आहेत. घरी घडाघडा म्हणते आणि चाचणीत चुकते. मराठीत नुसतं 'ना' लावलं की भागतं, मग इंग्रजीत एवढा घोळ कशाला?)

ताई, ती बावीस नियमांची वही आठवडाभर कपाटात ठेवा. मी कोपरखैरण्याला घरीच शिकवणी घेते. दरवर्षी अशी एक वही घेऊन कुणीतरी येतंच, आणि ज्याची वही सगळ्यात नीटनेटकी, त्याचेच टॅग सगळ्यात जास्त चुकलेले असतात.

तुमच्या प्रश्नातला खरा भाग शेवटचा आहे. आपला 'ना' बघा. "जेवलास ना?" "आज सुट्टी आहे ना?" "उद्या पाणी येणार नाही ना?" "तरी मी सांगितलं होतं ना!" "बस ना जरा." कर्ता कोण, काळ कोणता, वाक्य होकारी की नकारी, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. तो समोरच्या माणसाकडे बघतो, 'तुला पटतंय ना' एवढंच विचारतो. हिंदीतलं 'है ना' तसंच, फ्रेंचांचं 'नेस्पा' तसंच. लंडनची पोरंसुद्धा हल्ली कुठल्याही वाक्याला 'इनिट' लावून मोकळी होतात. म्हणजे तुमची लेक 'इझन्ट इट' लिहिते तेव्हा ती 'ना'चं भाषांतर करत असते. पेपरात ते चालत नाही, पण त्यात मूर्खपणा काही नाही, हे तिला आधी सांगा.

पुस्तकी इंग्रजीतला टॅग माणसाकडे बघत नाही, मागे वळून क्रियापदाकडे बघतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

मी मुलांना भांडण लावून देते. एक जण म्हणतो, "बबन लिव्ज इन कळवा." दुसऱ्याने फक्त खोडून काढायचं, तेही तीन शब्दांत: "नो, ही डझन्ट." आता तो 'नो' टाकून द्या आणि उरलेले दोन शब्द उलटे करा. डझन्ट ही? झाला टॅग. "द ट्रेन स्टॉप्स ॲट ऐरोली." "नो, इट डझन्ट." डझन्ट इट? "दे हॅव सोल्ड द फ्लॅट." "नो, दे हॅवन्ट." हॅवन्ट दे? वाक्य नकारी असेल तर खोडणारा 'यस' म्हणेल. "मीना कान्ट स्विम." "यस, शी कॅन." कॅन शी? होकाराला नकारी टॅग आणि नकाराला होकारी, हा नियम न घोकता आपोआप सांभाळला जातो, कारण खोडून काढायचं तर उलटंच बोलावं लागतं. बबनचा 'ही' आणि मीनाची 'शी'सुद्धा तोंडातून आपसूक येते. एवढंच बघायचं, की खोडणारा हा तिसरा माणूस असावा. वाक्यातला 'यू'च भांडायला उठला तर 'आय' म्हणेल आणि सगळं फिसकटेल.

मुलं अडतात ती 'डझ' कुठून आला इथे. तो वाक्यात दिसत नाही ना! 'लिव्ज'च्या शेपटात 'डझ' दडलेला असतो आणि 'वेन्ट'च्या पोटात 'डिड'. म्हणून "बाबा वेन्ट टू वाशी"ला 'डिडन्ट ही'. पण जिथे इझ, आर, वॉझ, विल, कॅन यांपैकी कुणी उघड बसलेलं आहे, तिथे 'डू'ला बोलवायचं नाही. 'हॅव' तेवढा दुतोंडी आहे. "ही हॅज गॉन"मध्ये तो मदतनीस, म्हणून 'हॅझन्ट ही'. "ही हॅज टू गो"मध्ये मात्र 'जावं लागतं', तिथे खोडणारा "नो, ही डझन्ट" म्हणतो, म्हणून 'डझन्ट ही'. माझ्याकडे सगळ्यात जास्त चुका या एका जागी होतात. दुसरी चोरवाट त्या टिंबासारख्या ॲपॉस्ट्रॉफीची. "शी'ज बिझी" म्हणजे इझ, "शी'ज गॉन" म्हणजे हॅज. "यू'ड बेटर गो"मध्ये हॅड लपलाय, "यू'ड लाइक टी"मध्ये वुड. आधी तो लपलेला शब्द पूर्ण लिहून काढायला लावा, मगच टॅग.

नकारही असाच लपून बसतो. नेव्हर, हार्डली, सेल्डम यांत 'नॉट' दिसत नाही, पण अर्थ नकाराचाच, म्हणून "शी नेव्हर कम्प्लेन्स, डझ शी?" "फ्यू पीपल केम" म्हणजे 'फारसं कुणी आलं नाही', तिथे 'डिड दे'. "अ फ्यू पीपल केम" म्हणजे 'आली चार माणसं', तिथे 'डिडन्ट दे'. एका 'अ'ने टॅग फिरतो. मराठीत अर्थ बोलून बघितला की लगेच कळतं, वहीतल्या नियमाने नाही.

काही गोष्टी मात्र पाठच कराव्या लागतात, त्या थोड्या आहेत. एव्हरीवन, समबडी, नोबडी यांना टॅगमध्ये 'दे': "नोबडी कॉल्ड, डिड दे?" एव्हरीथिंग, नथिंगला 'इट'. 'देअर'ने सुरू झालेल्या वाक्याला 'देअर'च. "लेट्स गो"ला 'शॅल वी', आणि हुकूम किंवा विनंतीला 'विल यू': "क्लोज द डोअर, विल यू?" म्हणजे आपलं "दार लाव ना". आणि "आय ॲम लेट"ला 'आरन्ट आय'. हे कानाला विचित्र लागतं खरं. 'ॲमन्ट आय' स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये अजून बोलतात, पण प्रमाण इंग्रजीत त्याला जागा नाही. गंमत अशी, की इथेही भांडणाची युक्ती योगायोगाने कामी येते. तुम्ही "आय ॲम लेट" म्हणालात तर समोरचा "नो, यू आरन्ट" असंच म्हणेल. 'यू'च्या जागी 'आय' घातला की झालं. आणि "आय थिंक ही विल कम"सारख्या वाक्यात 'थिंक'शी भांडत बसू नका, मुद्दा येण्याचा आहे: 'वोन्ट ही'.

आता पेपराबाहेरची एक गोष्ट सांगते. ती कुठल्या वहीत नसते, आणि मला ती महागात पडली होती. मी मराठी माध्यमाची, आमचं इंग्रजी पाचवीपासून. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आम्ही आठवीत होतो, हात चोळत बसलो. पुढे ऐरोलीच्या एका कॉल सेंटरला मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारलं, "यू हॅवन्ट वर्क्ड नाइट शिफ्ट्स, हॅव यू?" मी आत्मविश्वासाने म्हटलं, "यस सर." त्यांचा चेहरा खुलला. कुठे केलीत, किती महिने केलीत, विचारायला लागले. मी म्हणतेय केलेलीच नाही, ते म्हणतात आत्ताच तर हो म्हणालात! नोकरी मिळाली नाही. परतीच्या ट्रेनमध्ये ठाणे येईपर्यंत विचार करत होते की चुकलं काय.

चुकलं होतं ते माझ्यातलं मराठी. "नाइट शिफ्ट केली नाहीत ना?" याला आपण म्हणतो, "हो, नाही केली." आपला 'हो' विचारणाऱ्याला असतो: तुमचं म्हणणं बरोबर आहे. इंग्रजीतला 'यस' विचारणाऱ्याकडे बघतच नाही, तोही क्रियापदाला बांधलेला. केलं असेल तर "यस, आय हॅव", केलं नसेल तर "नो, आय हॅवन्ट", मग प्रश्न उलटा असो की सुलटा. दहावीत कुणी हे विचारत नाही, पण आयुष्यभर लागतं, म्हणून मी टॅग लिहून झाला की त्याचं उत्तरही तोंडी मागते.

आणि वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. टॅगवर आवाज वर गेला तर खरंच विचारलंय, खाली आला तर फक्त दुजोरा हवाय. "आलास ना?" आणि "सांगितलं होतं ना!" यांतला फरक तिला कुणी शिकवावा लागला नसेल.

पेपरापुरत्या दोन किरकोळ गोष्टी. टॅगच्या आधी स्वल्पविराम आणि शेवटी प्रश्नचिन्ह हवंच, पहिलं अक्षर स्मॉल. आणि 'डझ नॉट शी' असं तोडून लिहायचं नाही, 'डझन्ट' जोडूनच.

आज रात्री तिला ही पाच वाक्यं द्या: शी हार्डली ईट्स ब्रेकफस्ट. लेट्स टेक द ऐरोली ट्रेन. समबडी हॅज टू पे द बिल. ही'ज लॉस्ट हिज पास. आय ॲम नॉट लेट. उत्तरं इथे खाली टाका, मी बघते. पाचव्याला ती बहुतेक 'आरन्ट आय' लिहील. लगेच टोकू नका, आधी तिला भांडू द्या. फक्त "यस, यू आर"मधल्या 'यू'चा 'आय' झाला की 'आर'चाही 'ॲम' करायला सांगा.