आधी वडिलांचं नाव कुठल्या रेशन कार्डावर ऑनलाइन आहे ते शोधा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मला झोप लागली नाही. वडिलांचं किडनीच्या तपासणीतलं क्रिॲटिनिन नऊच्या वर, डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलंय, केशरी रेशन कार्डावर नाव शिक्क्यासकट लिहिलेलं आहे, तरी आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, म्हणतोय "सिस्टीमला दिसत नाही". तुम्ही विचारताय, तोवर रोख भरून सुरू करू का, योजनेतून पैसे नंतर मिळतील ना. जून २०२२ मध्ये आमच्या घरात हेच चाललं होतं. पेशंट माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो.

तर आधी उत्तर. नाही मिळत. महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, आधी मंजुरी, मग उपचार. पावत्या दाखवून पैसे मागायची सोय आम्हाला कुठेच सापडली नाही, आणि आम्ही खूप ठिकाणी विचारलं. पण म्हणून डायलिसिस एक दिवसही लांबवू नका. दम लागत असेल, पोटॅशियम वाढलं असेल तर रोख भरा, उसने घ्या, काहीही करा. तातडीच्या केसला फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागून देता येतात, तेही आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा. तो आपणहून सांगेलच असं नाही.

योजना काय, कुठले कागद लागतात हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मला एकाच गोष्टीवर लिहायचंय, कारण आमचं सगळं नुकसान तिथे झालं.

आक्का आधी मराठवाड्यात गावी, मोठ्या दिरांच्या कार्डावर होत्या. २०१९ मध्ये त्या आमच्याकडे पुण्याजवळ राहायला आल्या. गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणला, इथल्या कार्डावर नाव घातलं. कारकुनाने निळ्या पेनाने लिहिलं, शेजारी गोल शिक्का मारला. आम्ही समजलो, झालं. तीन वर्षं ते कार्ड कपाटात होतं. जूनमध्ये आक्का रात्री उशांना टेकून बसायला लागल्या, आडवं झालं की जीव घाबरायचा. ॲडमिट केलं, आणि आरोग्यमित्राने रेशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर टाकला तर स्क्रीनवर आमची चौघांची नावं. आक्का नाहीत.

कारण नंतर कळलं. गावाकडे नाव कागदावर कमी झालं होतं, ऑनलाइन तसंच होतं. आधार त्या कार्डाला जोडलेलं, म्हणून इथे ते चढतच नव्हतं. इथलं कार्यालय म्हणे तिकडून डिलीट करून आणा. तिकडचं म्हणे आम्ही २०१९ लाच कमी केलंय, हा काय दाखला. माझे मिस्टर दोनदा गावी जाऊन आले, बिनपगारी रजा टाकून. चौथ्या आठवड्यात एकदाचं तिकडून नाव निघालं. पुढचे तीन आठवडे ते इथे चढलं नाही. म्हणजे तीन आठवडे आक्का महाराष्ट्रातल्या कुठल्याच कार्डावर नव्हत्या.

आता आमची चूक ऐका. योजना सगळ्या राज्याला एकच आहे. आक्कांचं नाव गावच्या कार्डावर ऑनलाइन होतं, तेही केशरीच. त्या नंबरावर पहिल्याच दिवशी मंजुरी मागता आली असती. आम्ही मात्र धावपळ करून, हातापाया पडून, तेच नाव काढून घेतलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलचा आरोग्यमित्र सहज म्हणाला, "ताई, तिकडच्या नंबरावर का नाही केलं? काढायची घाई कशाला केलीत?" मी तिथेच खुर्चीत बसले. पहिल्या माणसाला हे माहीत नव्हतं की सांगायचा कंटाळा, देव जाणे. पण आमच्या हातात गावचं कार्ड होतं आणि आम्हालाही सुचलं नाही.

इथलं जे कार्यालय, त्याचं नाव लिहीत नाही. पहिला अर्ज त्यांनी आवक नंबर न देता घेतला. दहा दिवसांनी गेले तर अर्ज गठ्ठ्यात सापडेना. दुसरा दिला. मग म्हणाले पेशंटला आणा, थम लागेल. कार्यालय पहिल्या मजल्यावर. आक्कांच्या मानेला डायलिसिसची नळी, त्यावर पट्टी, वरून पदर घेतलेला. त्या एकेक पायरी बसत बसत चढल्या. आणि मशीनने अंगठा घेतला नाही. चाळीस वर्षं निंदणी-खुरपणी केलेला हात, रेषा उरल्यात कुठे. खिडकीतला माणूस म्हणाला, "हात धुऊन पुढच्या आठवड्यात या." हे लिहितानाही माझे हात थरथरतात.

पैशाचं दुःख एकवेळ सोडा. खरी किंमत आक्कांच्या शरीराने दिली. हाताचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन, योजनेतून करू, कार्ड होईलच, म्हणून आम्ही थांबलो. फिस्टुला केला की तो सुई टोचण्याजोगा व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर मानेतली नळी. आमचं ऑपरेशनच लांबलं म्हणून काही आठवड्यांपुरती नळी तीन महिने राहिली. सहाव्या आठवड्यात मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात आक्कांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, सिस्टरने दोन ब्लँकेटं टाकली तरी पलंग हलत होता. नळीतून रक्तात जंतू गेले होते. आठ दिवस ॲडमिट, नळी काढून दुसरी. सगळं धरून दोन लाखांच्या आसपास गेले, माझी मोहनमाळ अजून गहाणच आहे. म्हणून माझं ठाम मत, कार्ड होवो न होवो, फिस्टुलासाठी थांबू नका. मी डॉक्टर नाही, वडिलांच्या शिरा कशा आहेत ते सर्जनच सांगेल, पण तारीख आजच मागा. मशीनवर थंडी वाजली तर "एसीची असेल" म्हणून सोडू नका.

उद्या सकाळी रेशन दुकानात वडिलांना किंवा त्यांचं आधार घेऊन जा. दुकानदाराच्या मशीनवर कुठलं कार्ड येतं ते बघा. 'मेरा राशन' ॲपवरही आधार नंबरावरून सापडतं. जुन्या एकत्र कुटुंबाच्या कार्डावर, काकांच्या, भावाच्या, कुठेही नाव दिसलं तर त्याला हात लावू नका. तोच बारा अंकी नंबर आरोग्यमित्राला द्या. यात लबाडी नाही, सरकारी नोंदीत माणूस तिथेच आहे. आरोग्यमित्र ऐकत नसेल तर १५५३८८ वर फोन करून तक्रार नंबर घ्या.

कुठेच नाव नसेल तर अर्ज द्या, पण पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, मुदत उलटली की अपील करता येतं. आमचं काम शेवटी महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, तिथे गेल्यावर चार दिवसांत झालं. सात आठवडे जे होत नव्हतं ते चार दिवसांत! १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या रंगांच्या कार्डांना झाली आणि मर्यादा दीडवरून पाच लाख, अधिवास दाखल्याचीही तरतूद आहे. नियम बदलत राहतात, माझ्यावर विसंबू नका, विचारून घ्या. दरम्यान सिव्हिललाही चौकशी करा, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस मोफत आहे, फक्त पाळी लागते. धर्मादाय हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात, त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो.

आणि भेटायला येणाऱ्यांना शहाळं आणू देऊ नका. आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की शहाळं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, डायलिसिसच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात अकरा शहाळी आली होती, शेवटी मी दारातच सांगायला लागले. हिपॅटायटिस बीची लसही लवकर विचारा. फिस्टुला झाला की त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही. आक्का डाव्या हातात बांगड्या घालत नाहीत, सगळ्या हिरव्या बांगड्या उजव्या हातात. रात्री झोपताना डावा हात कानाला लावतात, आतून भुंग्यासारखा आवाज येतोय ना ते ऐकतात, आणि मला हाक मारून सांगतात, "चालू आहे गं." तीन वर्षं झाली.

नाव कुठल्या कार्डावर सापडलं ते इथेच लिहा. मी उद्या दुपारी बघते.