शाळेत नोकरी हवी म्हणून लिबरल आर्ट्सची असोसिएट डिग्री करावी का?

प्रश्न: मी 41 वर्षांची आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहते, ग्रीन कार्ड आहे. कोल्हापूरला बीएची दोन वर्षं झाली आणि लग्न ठरलं, तिसरं वर्ष राहून गेलं. सध्या डे-केअरमध्ये तासाला 18 डॉलरवर काम करते. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न 1,12,000 डॉलर आहे, मुलगी नववीत आहे. काउंटी कॉलेजातून, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारी कॉलेजातून, लिबरल आर्ट्सची (भाषा, इतिहास अशा सर्वसाधारण विषयांची) दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली तर शाळेत नोकरी मिळेल असं वाटतं. फी आणि पुस्तकं धरून 12,000 डॉलर लागतील. मिस्टर म्हणतात, या वयात एवढे पैसे घालून मिळणार काय? मुलीच्या शिक्षणासाठी असलेल्या 529 या करमुक्त बचत खात्यातून हे पैसे घ्यावेत का?

उत्तर: ताई, शाळेतली नोकरी म्हणजे नेमकी कुठली, हे आधी ठरवा. वर्गात शिक्षिकेच्या हाताखाली काम करणारी मदतनीस, जिला इथे पॅरा म्हणतात, की स्वतः शिक्षिका? तुमचे 12,000 डॉलर कारणी लागणार की नाही ते यावर ठरतं.

पॅरासाठी फेडरल नियम असा आहे: टायटल वन निधीच्या (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणाऱ्या सरकारी पैशांच्या) शाळेत कॉलेजची दोन वर्षं, किंवा असोसिएट डिग्री, किंवा एक परीक्षा, यांपैकी काहीही एक चालतं. ती परीक्षा बहुतेक ठिकाणी पॅराप्रो असते. त्यात वाचन, लेखन आणि गणित असतं, थोड्या तयारीने जमण्यासारखी आहे. बदली शिक्षिका व्हायचं असेल तर न्यू जर्सीत कॉलेजचे 60 क्रेडिट्स लागतात. क्रेडिट म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाचं माप, असोसिएट डिग्री साधारण 60 क्रेडिट्सची असते. म्हणजे मदतनीस व्हायला डिग्रीवर खर्च करायची गरजच नाही. एक लक्षात ठेवा, पॅराची कामं पुष्कळ ठिकाणी अर्धवेळ असतात आणि त्यांना विमा नसतो. मुलीच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या असतील तर सोय चांगली, पण घरच्या उत्पन्नात फार भर पडेल असं धरू नका.

म्हणून कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी कोल्हापूरची दोन वर्षं बाहेर काढा. परदेशी शिक्षण इथल्या हिशेबात किती भरतं ते सांगणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्या. दोनशे-अडीचशे डॉलर जातील. विद्यापीठाकडून कागद थेट मूल्यांकन संस्थेकडे जावे लागतात, तेव्हा कोल्हापुरात कुणीतरी परीक्षा विभागात जाऊन पाठपुरावा करणारं हवं. ही धावपळ करायला लावतेय, कारण कॉलेजने तीस क्रेडिट्स जरी मान्य केले तरी तुमचा निम्मा खर्च आणि निम्मी वर्षं वाचतात. फॉर्म आधी आणि मूल्यांकन नंतर अशा क्रमाने गेलेले लोक शिकलेलेच विषय पैसे देऊन पुन्हा शिकतात.

आता नुसत्या लिबरल आर्ट्स असोसिएटची किंमत. अमेरिकी श्रम खात्याच्या 2023 च्या आकड्यांत हायस्कूल झालेल्या पूर्णवेळ कामगाराची मध्यम साप्ताहिक कमाई 899 डॉलर होती. कॉलेज अर्धवट सोडलेल्यांची 992, असोसिएटवाल्यांची 1,058 आणि बॅचलर झालेल्यांची 1,493. अर्धवट आणि असोसिएट यांत आठवड्याला फक्त 66 डॉलरचं अंतर आहे. त्यातही असोसिएटच्या आकड्यात दोन वर्षांत नर्स किंवा डेंटल हायजिनिस्ट झालेले लोक आहेत, आणि त्यांची कमाई वर्षाला 80,000 डॉलरच्या पुढे जाते. लिबरल आर्ट्सवाल्यांना तो आकडा लागू होत नाही, कारण या डिग्रीला कुठलाही परवाना जोडलेला नाही. तिथेच थांबायचं असेल तर माझं उत्तर नाही असं आहे.

शिक्षिका व्हायचं असेल तर मात्र चित्र पालटतं. न्यू जर्सीत शिक्षकाला बॅचलर लागतं, आणि 2007 च्या राज्य कायद्यामुळे काउंटी कॉलेजची एए किंवा एएस (कला किंवा विज्ञान शाखेची असोसिएट) डिग्री सरकारी विद्यापीठात पहिली दोन वर्षं म्हणून पूर्ण धरली जाते. एएएस नावाची, थेट नोकरीसाठी असलेली तिसरी डिग्री या कायद्यात येत नाही. बालशिक्षणाचे काही कोर्स नेमके एएएसमध्ये असतात आणि डे-केअरवाल्यांना तेच सुचवले जातात, म्हणून प्रवेशाच्या दिवशी ही तीन अक्षरं नीट बघा. रटगर्स या राज्याच्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला 2023-24 मध्ये फीपोटी वर्षाला 17,000 डॉलरच्या आसपास लागत होते. तिथली पहिली दोन वर्षं काउंटी कॉलेजात केलीत, तर तुमची बचत तिथेच होते.

पैशांचा मार्ग असा. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट या करसवलतीत फी आणि पुस्तकांच्या पहिल्या 2,000 डॉलरचे पूर्ण, पुढच्या 2,000 चे 25 टक्के करातून वजा होतात, आणि हे चारच करवर्षं मिळतं. पती-पत्नीचं एकत्र उत्पन्न 1,60,000 पर्यंत असेल तर पूर्ण लाभ आहे, तुम्ही त्यात बसता. दोन वर्षांत पूर्णवेळ उरकलंत तर वर्षाला 6,000 भरून 2,500 परत, म्हणजे बारा हजारांतले सात हजार तुमच्या खिशातून. तेच वर्षाला 15 क्रेडिट्स घेऊन चार वर्षांत केलंत तर वर्षाला 3,000 भरून 2,250 परत. चार वर्षांत खिशातून फक्त 3,000, आणि डे-केअरचा पगारही चालू! वर्षातल्या किमान एका सत्रात 6 क्रेडिट्स असायला हवेत. सुरुवात जानेवारीच्या सत्राला करा, कारण सप्टेंबरला केलीत तर तीच चार वर्षं पाच करवर्षांत पसरतात. पुढे रटगर्सला लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही दुसरी करसवलत आहे, खर्चाच्या 20 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 2,000. फॅफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, दरवर्षी भरा. भरायला पैसे लागत नाहीत. तुमच्या उत्पन्नावर पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) मिळण्याची शक्यता कमी आहे, तरी भरा.

529 ला हात लावू नका. लाभार्थी बदलून आईच्या नावे करता येतो, कायद्याने अडचण नाही. पण 529 मधून करमुक्त काढलेल्या पैशांतून भरलेली फी टॅक्स क्रेडिटसाठी पुन्हा धरता येत नाही. म्हणजे मुलीचं खातं रिकामं होईल आणि करातून परत मिळणारे 2,250 डॉलरही जातील. वर्षाचे 3,000 तुमच्या पगारातून द्या. महिन्याला 250 डॉलर होतात.

मिस्टरांचा वयाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. काउंटी कॉलेजासारख्या कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या शंभरातले सोळाच सहा वर्षांत बॅचलर होतात. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांचं मध्येच सुटतं, आणि सुटलं तर वर सांगितलेले 66 डॉलरसुद्धा हाती लागत नाहीत. शेवटच्या टप्प्यात शाळेत पूर्णवेळ सराव करावा लागतो, तेव्हा डे-केअरचा पगार बंद होईल. तेवढ्या महिन्यांची रक्कम आजपासून बाजूला काढायला लागा. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रुजू झालात तरी 65 पर्यंत सतरा वर्षं नोकरी होते, आणि राज्याच्या शिक्षक पेन्शनचा हक्क दहा वर्षांत मिळतो. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा शिक्षकांचा पगारतक्ता जाहीर असतो. तो काढून आजच्या 18 डॉलरशेजारी ठेवा आणि दोघं मिळून बघा. कोल्हापूरचं मूल्यांकन हाती आलं की मला पुन्हा लिहा, तेव्हा रटगर्सच्या दोन वर्षांचा नेमका हिशेब करून देते.